तिथीची पाऊणपट

मुलीला ग्रीसला जायचं होतं. फोटोंमधली ती गजबजलेली, निळ्या घुमटांची बेटं नव्हे हां, ती तिला चालत नाहीत. पुण्याहून सुट्टीला मस्कतला आली तीच लहान लहान बेटांची यादी घेऊन. जिथे विमान उतरत नाही, बोट दिवसातून एकदा जाते, शेळ्यांच्या वाटेने डोंगर चढायचा, पलीकडे उतरायचं आणि एकट्याने समुद्रात डुंबायचं. "आई, क्वाएट आयलंड्स. नो पार्टी, नो क्राउड." मी मेथी निवडत होते. म्हटलं, "शांतता हवीय ना? मग एवढ्या लांब कशाला मरायला जायचं? आपल्या ओमानला काय बेटं नाहीत?"

हे वाक्य मी नंतर मनातल्या मनात शंभर वेळा मागे घेतलंय.

माझा नवरा मस्कतच्या गाला भागात जड वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत मॅनेजर आहे. मूळचा पुण्याचा. स्वभावाने गरीब, बोलायला गोड, आणि कुठल्याही गोष्टीला त्याचं उत्तर एकच, "चालेल की." पडदे कुठले घ्यायचे, चालेल की. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, तू म्हणशील तसं. मी त्याच्या बरोबर उलटी. मी रत्नागिरीकडची, खाडीच्या तोंडावरच्या गावची. चोवीस वर्षं इथल्या एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून उभी आहे आणि चुकीचं प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्या डॉक्टरलासुद्धा फोन लावून झापते. लोक म्हणतात, बाई फार कडक आहे. मी म्हणते, स्पष्ट आहे. एखादी गोष्ट मला ठाऊक असेल तर ती ठाऊक आहे, त्यात लाजायचं काय?

आणि समुद्र मला ठाऊक होता. निदान माझी तशी खात्री होती.

मसीरा बेटावर जायचं ठरलं. मस्कतहून पाच-सहा तास गाडी, मग शन्नाच्या धक्क्यावरून फेरी. रस्ता असा की दोन्ही बाजूंना खारवट सपाट जमीन, झाड नाही, घर नाही, मधूनच उंटांचा कळप. फेरीत आमच्या गाडीच्या पुढे बर्फाचे खोके भरलेला कोळ्यांचा पिकअप आणि मागे कुठल्याशा प्रकल्पावर निघालेली पोरं. वारा एवढा की मुलीने डेकवर काढलेल्या फोटोंत तिच्या केसांखेरीज काही दिसत नाही. ती खूश होती. "आई, धिस इज इट," म्हणाली. मला अगदी मूठभर मांस चढलं.

पहिला दिवस बेटाच्या पूर्वेकडे गेला. तिथे खुला समुद्र आहे. मैलोन् मैल वाळू आणि माणूस औषधालाही नाही. पण मला काही तो किनारा आवडला नाही, खरं सांगते. वाळूत ठिकठिकाणी मेलेली कासवं पडली होती. काहींच्या नुसत्या पाठी उरलेल्या, एकाची कवटी पांढरी फटक, चोच तेवढी शाबूत. जाळ्यात अडकून मरतात म्हणे. लाटा अशा आदळत होत्या की पाण्यात पाऊल टाकायची छाती होईना. मुलगी म्हणाली, इथे स्विमिंग नको. नवऱ्याने हुश्श केलं. त्याला पोहता येत नाही. आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नाही. मस्कतच्या किनाऱ्यावरही पँट दुमडून उभा राहतो आणि लाट आली की दोन पावलं मागे येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मधला डोंगर चढलो. काळाभोर दगड, पायाखाली सुटणारी खडी, शेळ्यांच्या लेंड्यांवरून वाट ओळखायची. वरून पश्चिमेकडची बाजू दिसली आणि मुलगी ओरडलीच. तिकडे समुद्र उथळ, शांत, हिरवट. ओल्या चिखलाची पट्टी दूरवर पसरलेली, तिच्यावर फ्लेमिंगो उभे. आणि किनाऱ्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटरवर एक इवलंसं बेट. खडक, थोडी वाळू, बस्स.

"तिथे जाता येईल का?" तिने विचारलं.

झालं. हा प्रश्न माझ्यासाठीच होता.

आमच्या गावात भरती-ओहोटीला कुणी तक्ता बघत नाही. तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हे माझ्या वडिलांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. आम्ही पोरी याच हिशेबावर खाडीपलीकडे कालवं काढायला जायचो आणि एकदाही कुणी अडकलं नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती सव्वाअकराला, ओहोटी सव्वापाचला. मी तिथेच, डोंगराच्या माथ्यावर उभी राहून, बोटांवर हिशेब करून सांगितलं, "तीन वाजता चालत निघू. पाणी उतरतच असेल. सव्वापाचला एकदम कोरडं होईल, तेव्हा परत."

नवरा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चालेल की."

तीन वाजता आम्ही किनाऱ्यावर होतो. पाणी माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच खाली गेलेलं. चिखल उघडा पडला होता, त्यात खेकड्यांची बिळं, आणि मधे कोळ्यांचे दोन पिकअप थेट आत जाऊन उभे होते. दुसरं कुणी असतं तर विचारात पडलं असतं. मी काय म्हणाले असेन? म्हटलं, "आत्ताच एवढं उतरलंय, तर सव्वापाचला बेटापर्यंत गाडी नेता येईल!" आणि स्वतःच हसले.

मधे पाण्याची एक चर होती, वीस-पंचवीस पावलांची. तिथे पाणी गुडघ्याला लागलं. नवऱ्याने चपला हातात घेतल्या, एक हात मुलीच्या खांद्यावर ठेवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, "अहो, घाबरता काय? येताना हे पण नसेल." तो हसला. त्याने मान डोलावली आणि आला.

बेट सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? पांढरी वाळू, शंख-शिंपल्यांचा खच, वाऱ्याखेरीज आवाज नाही. मुलगी पलीकडच्या बाजूला पोहायला उतरली. नवरा खडकाच्या सावलीत टेकला आणि त्याने थेपले काढले. मी सवयीने कालवं बघायला लागले. खडकांच्या खालच्या अंगाला होतीच. मग वरच्या अंगाला. मग मी आणखी वर चढले. बेटाच्या अगदी माथ्यावरच्या खडकाला, जिथे माझं डोकं त्या सगळ्या बेटात सगळ्यांत उंच होतं, तिथेही कालवं घट्ट चिकटलेली. तोंडं मिटलेली. जिवंत.

कालव पाण्याखाली गेल्याशिवाय जगत नाही. हे मला कुणी सांगायला नको होतं. म्हणजे मोठ्या भरतीला हे अख्खं बेट बुडतं. आणि पौर्णिमेची भरती ही मोठीच.

तरी मी स्वतःची समजूत घातली. बुडू दे ना. भरतीला अजून कितीतरी तास आहेत. आत्ता तर ओहोटी चाललीय.

खाली येऊन मी एका दगडाजवळ बसले. दगडाचा पाया पाण्याच्या कडेला होता. घड्याळात साडेचार. पाच मिनिटांनी बघितलं तर पाया ओला. लाट आली असेल. आणखी पाच मिनिटांनी दगडाच्या दोन्ही बाजूंनी पाणी. मी उठून जरा वरच्या दगडाकडे गेले आणि तिथे बसले, जणू मला तिथेच बसायचं होतं. समोर चिखलाच्या पट्टीवरचे फ्लेमिंगो एकेक करून उडाले आणि किनाऱ्याच्या दिशेने गेले. मी मनात म्हटलं, संध्याकाळ झाली, निघाले घरी. त्यांच्यामागोमाग लांब पायांच्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांचा थवा गेला. मग आत उभे असलेले पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. पहिला गेला, दुसरा गेला. दुसऱ्यातला माणूस खिडकीतून आमच्याकडे बघून हात हलवत होता. माझ्या नवऱ्याने उलट हात हलवला.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भरती सव्वाअकराला, पण कुणाच्या घड्याळात? वडिलांचं घड्याळ रत्नागिरीचं होतं. माझ्या हातातलं मस्कतचं. दीड तासाचा फरक. चोवीस वर्षं मी गावी फोन करताना रोज तो दीड तास मिळवते, दिवाळीच्या मुहूर्तातून तो वजा करते, आणि नेमका इथे विसरले. पाणी कधीच फिरलं होतं. शिवाय हा समुद्र आमच्या खाडीचा थोडाच, इथलं त्याचं वेळापत्रक आणखी निराळं असेल. मी बोटांवर एक हिशेब केला आणि दोन जिवांना घेऊन इथे येऊन बसले.

आता जे सांगणार आहे ते मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा पाच वाजायला यायचे होते. तेव्हाच उठून "चला" म्हटलं असतं तर चरीत पाणी मांडीला लागलं असतं, फार तर कमरेला. पण मी उठले नाही. चाळीस मिनिटं बसून राहिले. का? मला अजून धड सांगता येत नाही. "चला" म्हटलं की "का" विचारणार. "का" विचारलं की सांगावं लागणार. मी नवऱ्याला सकाळी, डोंगरावर, मुलीच्या समोर, एवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं. मी स्वतःला म्हणत राहिले, अजून पाच मिनिटं, कदाचित वाऱ्याने पाणी ढकललं असेल, आता उतरेल. आणि तोंडाने मुलीला सांगत होते की टॉवेल नीट पिळून घे.

सव्वापाचला मुलगी म्हणाली, "आई, निघायचं ना?"

"थांब जरा. आज ओहोटीला उशीर झालाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. नवरा पाण्याकडे बघत होता. सूर्य खाली आला. वाळूची पट्टी, जिथून आम्ही चढलो होतो, ती नाहीशी झाली. फोनला रेंज नव्हती, ती तर दुपारपासूनच नव्हती. शेवटी साडेपाचला मुलगीच उठली. "आई, वॉटर वाढतंय. बघ ना. खूप वाढतंय."

"हो," मी म्हटलं. "चला. पटकन."

सुरुवातीला पाणी मांडीपर्यंत होतं. खालचा चिखल दिसेना, पाऊल कुठे पडतंय कळेना. प्रवाह डावीकडून येत होता, सतत, पायाला ओढ लागत होती. मी पुढे, मधे नवरा, मागे मुलगी. मी ओरडत होते, "पाय घासत चला, उचलू नका!" एवढं मात्र बरोबर सांगितलं. चर आली तेव्हा पाणी एकदम कमरेच्या वर गेलं, मग छातीला. मी मागे वळून त्याचा हात धरला. हात थंडगार पडला होता. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता.

चरीच्या मध्यावर त्याचा पाय सुटला.

तो पडला म्हणजे काय झालं तर तो दिसेनासा झाला. एवढंच. हातातला हात निसटला, आणि जिथे माणूस होता तिथे पाणी होतं. मुलगी किंचाळली, "बाबा!" आणि तिने बुडी मारली. मी आंधळ्यासारखी दोन्ही हातांनी पाणी चाचपत होते. माझ्या हाताला त्याच्या शर्टाची कॉलर लागली. मी ओढली. मुलीने त्याला काखेतून वर उचललं. डोकं वर आलं, तोंड उघडं, डोळे उघडे, आणि श्वास नाही. मग खोकला. मग परत पाणी. आम्ही दोघींनी त्याला कसं नेलं, किती वेळ लागला, देवाशपथ आठवत नाही. मी सगळ्या देवांची नावं घेत होते आणि मधेच त्याला शिव्या घालत होते, "श्वास घ्या, घ्या म्हणते ना!" तिथेही हुकूमच.

किनाऱ्यावर एक म्हातारे ओमानी कोळी गाडी थांबवून उभे होते. ते मघाशी हात हलवणारेच. पाण्यात शिरून त्यांनी त्याला आमच्या हातातून घेतलं, पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत मला म्हणाले, "मेडम, हमने बोला ना, पानी आएगा. हाथ से बोला." मी "शुकरन, शुकरन" एवढंच म्हणत राहिले. पिकअपमध्ये घालून त्यांनीच इस्पितळात नेलं.

फुप्फुसात पाणी गेलं होतं. दोन दिवस ऑक्सिजन. पहिल्या रात्री डॉक्टरांनी मुलीला बाहेर बसवलं आणि मला एकटीला सांगितलं की बघू या, इन्शाल्ला. मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलंय. डॉक्टर "बघू या" कधी म्हणतात, ते मला कळतं. मी त्याच्या उशाशी बसून मास्कवर जमणारं धुकं बघत होते. धुकं यायचं, जायचं. ते जायचं तेव्हा परत येईल की नाही याची खात्री नसायची. मी ठरवलं, हा वाचला तर मी सांगेन. ती चाळीस मिनिटं मी त्याला सांगेन.

तो वाचला. मी सांगितलं नाही.

मस्कतला परतल्यावर चौथ्या दिवशी मंडळी भेटायला आली. आमच्या गणपती मंडळातली, शेजारची, गालाच्या ऑफिसातली. कुणी डबा आणला, कुणी शहाळी. नवरा दिवाणखान्यात लोडाला टेकून बसला होता, आवाज घोगरा, पण रंगात आलेला. "ही नसती ना, तर मी गेलोच होतो," तो सांगत होता. "अख्खा बुडालो होतो. हिने नुसती कॉलर धरून काढलं. कोकणातली आहे हो, पाणी कळतं हिला." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. एक वहिनी म्हणाल्या, "सावित्रीच की!" मला उभं राहवेना. चहाचं निमित्त करून मी आत आले.

मुलगी ओट्यापाशी कप मांडत होती. मी दार लोटलं आणि एकदम बोलून टाकलं, कारण आता नाही बोलले तर कधीच नाही, हे मला कळत होतं. "मला आधीच कळलं होतं. पाणी फिरलंय ते. पाच वाजायच्या आधीच. मी गप्प बसले. बाबांना मी जवळजवळ मारलं."

ती रडेल असं वाटलं होतं. ओरडेल असं वाटलं होतं. तिने हातातला कप बशीत ठेवला.

"आई," ती म्हणाली, "आम्हाला सकाळपासून माहीत होतं."

"काय?"

"गेस्ट हाउसच्या काउंटरवर बोर्ड होता. टाइडचा. लो टाइड, साडेतीन. मी वाचला, बाबांना दाखवला. डोंगरावर तू सव्वापाच म्हणालीस ना, तेव्हा मी सांगणारच होते. बाबांनी माझा हात दाबला." ती मराठी शब्द शोधत सावकाश बोलत होती. "नंतर गाडीत तू पाण्याच्या बाटल्या घ्यायला उतरलीस, तेव्हा म्हणाले, आईला नको सांगू. ती चिडेल, मग सगळा दिवस जाईल. बोर्ड जुना असेल."

"अगं, पण त्यांना पोहता येत नाही!"

"हो. मी पण तेच म्हणाले."

"मग?"

"म्हणाले, मी सांभाळेन. तू फक्त माझ्या जवळ चाल."

गॅसवर दूध वर आलं. तिनेच पुढे होऊन ते उतरवलं. तो माणूस, जो लाट आली की दोन पावलं मागे येतो, तो साडेतीनला पाणी फिरणार हे माहीत असून माझ्यामागे चिखलात उतरला होता. थेपले खात, पाण्याकडे बघत तोही चाळीस मिनिटं गप्प बसला होता. त्याला समुद्राची भीती वाटत होती, पण माझी जास्त वाटत होती.

बाहेरून त्याची हाक आली. "अगं, चहा होतोय ना? नाही, घाई नाही हां. सावकाश होऊ दे. नसेल तरी चालेल."

पंचवीस वर्षं मी हा आवाज ऐकतेय. मला वाटायचं, किती प्रेमळ नवरा मिळालाय.